नबीहाच्या भिंतीवरची दलेंदा

महदिया,
रविवार, दुपारची भांडी झाल्यावर

माझ्या लाडक्या दलेंदामावशीला,

तुझ्या रिहाबचा सलाम आणि दोन्ही गालांचे पापे (उजव्या गालाचा एक जास्त, तो माझा ठरलेला). देवाच्या कृपेने आम्ही धडधाकट आहोत, तूही असशीलच. तुझे गुडघे काय म्हणतात? मझाऱ्याच्या दमट हवेत कुरकुरत असतील तर ऑलिव्हचं तेल कोमट करून चोळ. पण सिसिलीच्या तेलात काही राम नाही, असं आई म्हणते. (आई हे तुला उद्देशून म्हणाली नाही. ती हवेत म्हणाली. तू तिकडे कामाला गेल्यापासून, म्हणजे पाच वर्षं, ती तुझ्याविषयी जे बोलते ते हवेतच बोलते, आणि मी शेजारी उभी राहून झेलते.) तू जिची देखभाल करतेस त्या म्हाताऱ्या सिन्योराबाईचं पोट आता साफ होतं का? तिचा कुत्रा अजून तुझ्या चपला पळवतो का? फोनवर हे सगळं राहूनच जातं. तू “जेवलीस का गं बाळा” म्हणतेस, मी “हो” म्हणते, आणि मग आपण दोघी समुद्राच्या दोन काठांवर नाकं ओढत बसतो. म्हणून हे पत्र.

माझं चित्रकार होणं कुठवर आलं ते सांगते. सूसच्या कॉलेजची पदवी बैठकीच्या भिंतीवर टांगलेली आहे आणि मी गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे, चित्रं काढते. वारा सुटला की चादर ओल्या रंगावर येऊन बसते; मग आईला चादरीचं दुःख आणि मला चित्राचं. (एका चादरीवर उठलेला ठसा मूळ चित्रापेक्षा सरस होता. आईने तो उकळत्या पाण्यात बुडवून मारला.) मध्यंतरी ट्यूनिसच्या एका गॅलरीवाल्याला चित्रं दाखवायला गेले होते. माझ्या चित्रांत काय असतं ते तुला वेगळं सांगायला नको: नवरीच्या पोशाखावर जर भरणारे हात, दातांनी तोडलेला दोरा, शुक्रवारी समुद्राकाठच्या कबरस्तानात बिया सोलत गप्पा मारणाऱ्या बायका. त्याने मान वाकडी करून पाहिलं आणि विचारलं, यात स्त्रीची वेदना कुठे आहे? खिडकीत बसून वाट पाहणारी एखादी बाई काढा ना, ती चालते. मी म्हटलं, आमच्या घरी खिडकीत बसून वाट पाहायचे ते माझे वडील, बायकांना बसायला सवड कुठे होती? (देव त्यांना सुखात ठेवो, ते जेवणाची वाट पाहायचे.) तो हसला नाही. वडापच्या गाडीत कुणाच्या तरी कोंबडीला चित्रांपासून दूर ढकलत मी परत आले.

बाई कशी असावी यावर प्रत्येकाचं मत तयार असतं, मावशी. मी नुसता ब्रश उचलला की लोक ते मला येऊन देतात. कॉलेजातले सर म्हणायचे, मुलींनी फुलं काढावीत, मुलींचा हात हलका असतो. (याच हाताने मी त्यांच्या वर्गाचं अडकलेलं दार उखडलं होतं.) मला मात्र तुझं एकच वाक्य पुरलं आहे. मी सात-आठ वर्षांची, तुझ्या भरतकामाच्या चौकटीखाली उताणी पडून वर बघायचे. वरून सगळं सोनं, खालून नुसत्या गाठी आणि लोंबणारे धागे. मी विचारलं, हे असं का? तू म्हणालीस, “सुलट बाजू नवरीची. उलट बाजू आपली.” तू किती नवरी मुलींचे पोशाख भरलेस आणि स्वतः एकही घातला नाहीस, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. पण ती उलट बाजू मी तेव्हापासून काढतेय. अजून साधलेली नाही.

आता मुख्य भानगड. बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत नबीहाचं पार्लर आहे ना, तिने मला दारालगतच्या भिंतीवर एक सुंदर बाई काढायला सांगितली. नमुना म्हणून शांपूच्या खोक्याचं झाकण दिलं. त्यावरच्या बाईचं नाक एवढं बारीक की सर्दी झाली तर बिचारी जीवानिशी जायची. पहिल्या दिवशी मी इमानाने ते नाक काढलं. दुसऱ्या दिवशी ते रुंद झालं. मी केलं नाही, देवाशपथ. हात खांद्यापासून आपोआप चालायला लागला की त्याला अडवायचं नसतं. मग डावी भुवई उजवीच्या वर चढली. हनुवटीवर तीळ आला. आणि मग तोंड उघडलं. तू हसत होतीस, मावशी, तोंडावर हात न धरता. तुला तसं हसताना मी कधी पाहिलेलंच नाही. तुझ्या हसण्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन, पण ते दिसतं कसं, हे कायम तुझ्या तळव्यामागे राहिलं. म्हणून दात मी मनाने काढले, पुढच्या दोहोंतली फट तेवढी ऐकीव. काढून झाल्यावर शिडीवरून उतरवेना. तुझ्या चेहऱ्याच्या एवढ्या जवळ मी पाच वर्षांत गेले नव्हते.

तेवढ्यात हमादी मासेवाला हातगाडी ढकलत वर आला आणि गल्लीच्या तोंडापासून ओरडला, “दलेंदा! कधी आलीस? आणि आधी माझ्याकडे यायचं सोडून पार्लरात?” जवळ आल्यावर त्याला भिंत दिसली. तो माझ्यावर चिडला, चिडून निघून गेला. पण दुसऱ्या दिवसापासून तो गाडी तिथेच उभी करतो, तारल्यांचा भाव ओरडतो, तुझ्याकडे बघतो आणि आपणहून भाव उतरवतो. (तू गेल्यावर त्याच्याशी नीट भांडणारं कुणी उरलेलं नाही.) नबीहाच्या गिऱ्हाइकांना मात्र तू पसंत पडली नाहीस. एक म्हणाली, “असं दिसू नये म्हणून आम्ही इथे येतो, आणि तू तेच दारात लावलंस?” दुसरी म्हणाली, एवढी थोराड बाई, पडजीभ दिसेपर्यंत हसते, काही रीत? नबीहा कपाळावर हात मारून म्हणाली, “रिहाब, मला बाई हवी होती गं, शेजारीण नको होती! निदान तोंड तरी मीट तिचं.”

मी म्हटलं, नाक हवं तर बारीक करून देते, तोंड मिटणार नाही. मी कुणाला नाही म्हणायची ही पहिलीच वेळ. मी शिडीवर होते, शिडी लटपटली. नबीहा आत निघून गेली. सकाळी येऊन बघते तर तिने दरांची पाटी नेमकी तुझ्या तोंडावर ठोकलेली. वर तुझे डोळे हसतायत, खाली तीळ, आणि मधे ‘केस कापणे, रंगवणे, नवरी सजवणे’. मी समोरच्या पायरीवर बसून राहिले. भांडायचं होतं, पण मला फक्त रंगवता येतं.

तू भिंतीवर आल्यापासून आई त्या गल्लीतून जातच नव्हती. पाव आणायलासुद्धा किल्ल्याकडून वळसा घालायची. पण गुरुवारी तिला लग्नाला जायचं होतं, केस रंगवल्यावाचून गत्यंतर नव्हतं, म्हणून आली. भिंतीपुढे उभी राहिली. हमादीने ओरडणं थांबवलं. आई म्हणाली, “पाटी काढ.”

“सलवाताई, माझी गिऱ्हाइकं तुटतात,” नबीहा म्हणाली.

“तिचं तोंड बंद करायला आमच्या घरात मी एकटी पुरेशी होते. लहानपणी हसली की मी म्हणायचे, मीट ते, फटीतून गलबत जाईल. तेव्हापासून हात धरतेय ती तोंडावर. त्यात आता तुझी भर नको.”

आणि तिने स्वतःच पाटी ओढली. पाटीबरोबर गिलावा आला, गिलाव्याबरोबर तुझा एक दात. मग नबीहाने मुकाट्याने तिचे केस धुतले. आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नबीहा म्हणाली, साबण गेला वाटतं. आई म्हणाली, हो, साबणच. पाटी आता दाराच्या दुसऱ्या बाजूला आहे. गिऱ्हाइकं कुरकुरतात आणि येतात. काल एकीने विचारलं, तशी वर चढलेली भुवई करून मिळेल का?

निघताना आई पुन्हा भिंतीपाशी थांबली आणि पाच वर्षांत प्रथमच तुझ्याविषयी हवेत न बोलता माझ्याशी बोलली. “दात चुकलेत. फट मधोमध नाही, जरा डावीकडे. आणि खालचा एक तिरका आहे.” ते हसू पाहिलेलं तिच्याखेरीज कुणी नाही. तिने सांगितलं तसं मी दुरुस्त करू शकले असते. केलं नाही. पडलेल्या दाताची जागा तशीच पांढरी ठेवली आहे. ऐकून काढायचा मला कंटाळा आलाय, मावशी.

सिन्योराबाईला सलाम, कुत्र्याला नाही.

तुझीच,
रिहाब

ता. क. पत्राचं खरं कारण निराळंच आहे. इथे चांगला गर्द लाल रंग मिळत नाही. मिळतो तो आठवड्यात विटकरी होतो आणि तुझे ओठ आजारी दिसतात. दोन ट्यूब घेऊन ये. पोस्टाने पाठवू नकोस, फुटतात.

पुन्हा ता. क. पोस्टाने फुटत नाहीत. खोटं लिहिलं. रंगाशिवाय आलीस तरी चालेल.

(पाकीट चिकटवण्याआधी आईने पत्र हातातून ओढून घेतलं, चष्मा लावून सगळं वाचलं आणि पेन मागितलं. यापुढचं अक्षर तिचं.)

दलेंदा, पोरीने निम्मं फुगवून लिहिलंय. तो साबणच होता. तुझ्या खोलीत मी शिवणयंत्र ठेवलंय, जुनं लोखंडी, ते आता हलायचं नाही. तू माझ्या पलंगावर झोप, भिंतीकडच्या बाजूला.
— सलवा