प्राची पलीकडे आलीच नाही

सुलतानपूर,
१८ जुलै २०२५

तीर्थरूप रंगदादास,

नमस्कार. रीत म्हणून लिहिला आहे. राग तसाच आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद मध्येच कापता येत नाही.

घरी सगळे बरे आहेत. सोयाबीन चांगलं उगवलंय. वहिनीचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? तिच्या हातचा ठेचा मी जहाजावर नेला होता. तिथे खायला इतकं, की ताट कुठून भरायचं ते कळेना, पण सगळं फिकं. माझे धाकटे दीर गोपालभाऊ सिंगापूरला असतात, त्यांनीच आम्हा सगळ्यांना या जहाजाच्या सफरीला नेलं. तेही चार दिवस ठेचाच पुरवून खात होते.

समुद्राचं काय लिहू. पाहिला. मोठा आहे.

बेटावर काय झालं ते तुझ्या मेव्हण्यांनी, निवृत्तीरावांनी, तुला सांगितलंच आहे. तुझी बहीण परदेशात चारचौघांत काष्टा मारून तारेला लोंबकळली, अब्रू गेली. काल तू फोनवर म्हणालास, "पोरीले आवर, अन् आधी सोताले आवर." बरं. आता माझ्याकडून ऐक.

जहाज एका बेटाला लागलं. तिथे दोन टेकड्यांमध्ये तार ताणलेली होती. कमरेला आणि मांड्यांना पट्टे बांधतात आणि माणसाला तारेवरून पलीकडे सोडून देतात. झिपलाइन म्हणतात. प्राचीने जहाजात पाय ठेवल्यापासून तेच धरलं होतं. हेही हो म्हणाले होते. रांगेत आमच्या पोरीइतकं खूश कोणी नव्हतं.

तिचा नंबर आला. पट्टे बांधणाऱ्या माणसाने आधी हाताने खूण करून विचारलं, बांधू का? तिने मान हलवली. त्याने मांडीचा पट्टा ओढला, आणि हे धावलेच. "काऊन हात लावून राह्यला बे तिले?" त्याला काय कळणार मराठी? तो हसला. प्राची म्हणाली, "बाबा, तो पट्टा बांधून राह्यला. नाही बांधला तं मी पडीन ना."

यापुढचं मी पत्राच्या सुरुवातीपासून टाळते आहे. त्यांनीही तुला सांगितलं नसणार.

त्यांनी तिला थोबाडीत मारली. अठरा वर्षांच्या पोरीला, त्या सगळ्या परक्या माणसांसमोर. गोपालभाऊ समुद्राकडे बघत उभे राहिले. प्राची रडली नाही. खाली मान घालून एकेक पट्टा सोडू लागली. तिला एक बक्कल सुटेना, तर त्या माणसाने मदत करायलाही हात पुढे केला नाही, इतका तो घाबरला होता.

दादा, माझं डोकंच फिरलं. मी पर्स यांच्या हातात दिली. तिकिटाच्या टपरीमागे जाऊन शेतात निंदणाला मारतो तसा साडीचा काष्टा मारला आणि त्या माणसापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, बांध. तो बांधत होता तोवर मी यांच्याकडे बघत होते. यांनी नजर वळवली.

मजा आली असं लिहिलं तर खोटं होईल. अख्ख्या वाटेत मी "मेल्या, मेल्या" ओरडत होते. कोणाला, ते तूच ठरव. पण पलीकडे पोचल्यावर मी हात वर करून प्राचीला हाका मारल्या. वाटलं, मी गेले म्हणजे तीही येईल. लोक येत राहिले. म्हाताऱ्या बाया आल्या, लहान पोरं आली.

प्राची आलीच नाही.

त्या दिवसापासून ती नागपूरच्या नर्सिंगचं नाव काढत नाही. नंबर लागलाय, हॉस्टेल मिळालंय. परवा मला म्हणते, "राहू दे आई. तिथं तं परक्या मान्सायले मलाच हात लावा लागते. बाबाले नाही चालणार." दादा, ही तीच पोर, जी म्हशीच्या पोटात हात घालून अडलेलं रेडकू काढायला तुझ्या शेजारी बसली होती!

आणि हे म्हणतात, मामा हो म्हणाला तर पाठवतो. म्हणजे तुझ्या तोंडून 'नाही' वदवून घ्यायचं आणि स्वतः मोकळं व्हायचं. तूही लगेच तिच्यासाठी जानेफळचं स्थळ काढून बसलास!

तुला तुझ्या शाळेचं मैदान आठवतं का? तालुक्याची कबड्डी. मी उजव्या कोपऱ्यावर. एकदा घोटा धरला की मी सोडत नसे, तूच गावभर सांगायचास. मग कोणीतरी तुला म्हणालं, रंगरावची बहीण हाफ पँटीत फिरते. तू भर सामन्यात येऊन माझ्या कानाखाली दिलीस आणि दंडाला धरून घरी नेलंस. त्यानंतर मी मैदानाच्या रस्त्यानेही गेले नाही. मला कोणी अडवलं नव्हतं. माझीच छाती होत नव्हती. त्या टेकडीवर उभी असताना मला तो दिवस आठवला, आणि यांच्याइतकाच तुझाही राग आला. अजून येतो.

गुरुवारी प्रवेशाचा शेवटचा दिवस आहे. बुधवारी सकाळी गाडी घेऊन ये. यांच्यासमोर ओसरीवर बसून हो म्हण, आणि भाचीला स्वतः नागपूरला सोडून ये. नाही आलास तर मी तिला मेहकरहून एसटीने नेईन. आणि मग उद्या तिच्या लग्नात मामा म्हणून मांडवात उभा राहायला येऊ नकोस. तो मान मी दुसऱ्या कोणाला देईन.

वहिनीला नमस्कार. ठेचा संपला आहे.

या वेळी घोटा न सोडणारी,
तुझी उजव्या कोपऱ्यावरची बहीण,
सुचिता