गोविंदाच्या गाडीचं मिसिंग

सोमवार, ३ सप्टेंबर १९७९

वहीबाई, परवा आपण कुठवर आलो होतो, सांग पाहू. विसरली! रोज माह्याकडून ऐकते अन् कोऱ्या पानाचं तोंड घेऊन बसते. मले एक अक्षर येत नाही, पण सारं याद आहे. लिहिणारी माही नात तारा म्हणते, "आजी, वही नाही विसरत. तूच तेच तेच सांगते." लिही गुमान, म्हटलं.

तर — माह्या पोरानं, गोविंदानं, घरी गाडी जोडली. मुंबईहून सुटे भाग पेट्यांत आले, इंजिन भंगारातलं. चार महिने आंगणात ठोकठोक. दिसायला बेडकासारखी! काल सगळे बसून काटोल रोडनं गेलो. चढावर खोकलली — फट्, फट् — आता जीव सोडते की काय! मंग आपोआप नीट. गोविंदा म्हणते, "मिसिंग मारून राहिली."

ताराले नववा लागला. गाडी तिच्यासाठीच केली. मागच्या साली रिक्षा वेळेवर भेटली नाही. तिचं लेकरू वाटेतच गेलं.

पुढचं तारा लिहीना. म्हणून इथंच.

गुरुवार, ६ सप्टेंबर

प्लग काढले, घासले, बसवले. आंगणात उभी असली की मांजरीवानी गुरगुरते. रस्त्यावर नेली की फट्!

शुक्रवार, ७ सप्टेंबर

कार्बोरेटर उघडला. कचरा नाही. कॉइल बदलली. तरी तेच. सून शोभा म्हणाली, "रिक्षावाल्याले तरी सांगून ठेवा." गोविंदा भडकला — "या घरात रिक्षाचं नाव काढायचं नाही!" ताट तसंच ठेवून उठला. दिवस मोजून राहिलो सगळे, पण तोंडानं कोणी मोजत नाही.

रविवार, ९ सप्टेंबर

आज मीच पुढे बसली. "माय, तू कायले?" म्हटलं, मले पाहून तरी तुह्या इंजिनले लाज वाटन. कान लावून बसली. सपाट रस्त्यावर काही नाही. खड्डा आला — फट्! दुसरा खड्डा — फट्! त्या दिवशी चढ उगाच बदनाम झाला, तिथं खड्डेच खड्डे आहेत.

"अरे, हे चढून नाही खोकलत. हलली की खोकलते!"

गोविंदानं गाडी उभी केली. "मंग कुठंतरी प्लगच्या वायरले लोखंड लागून राहिलं, माय. करंट तिकडंच उतरते. आज ड्यूटी आहे. उद्या शोधतो."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

सोमवार, १० सप्टेंबर

आज दार लावून लिही, तारा. बापाले सांगशील तर तुह्या हातचा चहा पिणार नाही!

वहीबाई, ते लोखंड माहं आहे. गाडी जोडून झाली त्या दिवशी मी बिब्बा लोखंडी तारेत ओवला, काळ्या चिंधीत गुंडाळला अन् बोनेटखाली, मागं, वायरींच्या झुपक्यात बांधला. नजर लागू नये म्हणून. छप्पन साली दीक्षा घेतली तवा देव्हारा सोडला, अंगारा सोडला, लिंबू-मिरची सोडली. हे एक सुटलं नाही. मागच्या सालानंतर तर बिलकुल नाही. गोविंदाले कळलं तर विचारन, "माय, इतकी वर्षं काय केलं तू?" मी काय सांगू?

त्याले दिसला असनच तो. पण पेट्यांतून दीडशे तुकडे आले, अर्ध्यांची नावं त्यालेही माहीत नाहीत. हाही एक समजला असन. कंपनीनं पाठवलेलं काढावं कसं!

तारा हसून राहिली. डोळेही पुसून राहिली. म्हणते, "चाल वं आजी, बाबा यायच्या आत काढू."

मंगळवार, ११ सप्टेंबर

काढला. नाल्यात टाकला. तारेचं टोक घासून घासून चकचकीत झालं होतं, शेजारच्या वायरची साल सोलली होती. गोविंदानं ती वायर पाहिली — "सापडलं! उंदरानं कुरतडली." बरं बाबा, उंदीर. नवी वायर टाकली, खड्डे शोधून शोधून फिरवून आणली. एक फट् नाही! पोटभर जेवला.

शनिवार, १५ सप्टेंबर

गाडी नीट आहे. आता मीच मिसिंग मारून राहिली. तिच्यावर काहीच बांधलेलं नाही! आधी गाडी बंद पडन म्हणून भ्याली, आता उघडी आहे म्हणून भेते. इंजिन चालू झालं की माह्या छातीत फट्. तारा म्हणते, "मंग माह्याच दंडाले बांध काहीतरी." थट्टा करते पोरगी, पण दुसरा हात पोटावरून काढत नाही.

बुधवार, १९ सप्टेंबर

आज अक्षर गोविंदाचं आहे. मागची पानं पलटवू नको, म्हटलं. पलटवली. सारी वाचली. पेन झटकला अन् म्हणाला, "सांग पुढं."

सकाळी ताराले कळा लागल्या, तिले घेऊन दवाखान्याकडे निघाले. गाडी एकदाही अडखळली नाही. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी सरता सरेना. पणती गाडीतच झाली, शोभाच्या हातावर. इंजिन तसंच चालू — बंद करायची गोविंदाची हिंमतच झाली नाही. दवाखान्यात दोघी बऱ्या आहेत.

लिहिणं पुरे गा, गोविंदा. डबा ने. ताराले ज्वारीच्या कण्या, पातळ. लसूण भरपूर, मिरची बिलकुल नको. अन् शोभाले भाकर अन् पिठलं वेगळं बांध, सकाळपासून तिच्या पोटात काही नाही.