वितोमीरची कपाटं

क्राल्येवो, १२ मे

चि. वितोमीर यास,
स्तामेनाक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं चार पानी पत्र पोचलं. चारही पानं कपाटांवरच. फोनवर मी बोलायला लागले की तुझ्याकडची रेंज जाते, म्हणून लिहूनच सुनावते.

निवृत्तीनंतर माणसं मासे धरतात, पत्ते खेळतात. तू पत्र्याची जुनी व्हॅन आणलीस, तिच्यात पलंग आणि चूल बसवलीस आणि तिला घर म्हणायला लागलास. तेही चाललं असतं. पण भूगोल शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाने सुतारकी कुठून काढली? कॉफीचं भांडं काढायला गाडीतून उतरून मागचं दार उघडावं लागतं, असं तुझी रुझित्सा सांगत होती. पाऊस असला तर छत्री घेऊन जायचं म्हणे. आणि छत्री पलंगाखालच्या खणात, म्हणजे आधी गादी उचलायची. शाबास.

तुझी बायको स्वतःहून तोंड उघडत नाही, पण मला तिने स्पष्ट सांगितलंय. तिला स्वतःचं एक कपाट हवंय. दोन झगे, एक पुस्तक, चेहऱ्याचं क्रीम. तेवढी जागा झाली तर ती जुलैत तुझ्याबरोबर समुद्रावर येईल. नाही झाली तर यंदाच काय, यापुढे कुठेच येणार नाही. ती नुसतं बोलून दाखवणाऱ्यातली नाही. तेव्हा बाकीचं राहू दे, तेवढं एक कर.

लोभ आहेच. ठेवायला तुझ्याकडे खण नसेल, तर खिशात ठेव.
स्तामेना

पांचेवो, २८ मे

ती. अक्कास,
वितोमीरचा शि. सा. नमस्कार.

ज्या बाईने आयुष्यात खिळा ठोकला नाही, तिने फर्निचरवर मत देऊ नये. पलंगाखाली तीन खण, खिडक्यांवर दोन्ही बाजूंनी फडताळं, दाराला जाळी, पाठीमागे पेटी. शेजारच्या स्रेतेनने तयार गाडी विकत घेतली, तिच्यात धड एक पातेलं मावत नाही. येऊन माझी गाडी बघतो आणि काही न बोलता निघून जातो. जळतो, दुसरं काय.

रुझित्साचं कपाट झालं. सरकत्या दाराजवळच, हाताशी. दारावर तिचं नावही कोरलं. सध्या तात्पुरत्या त्यात बर्फात टायरला घालायच्या साखळ्या, इंजिनाचा जास्तीचा पट्टा आणि आयवारच्या, लाल मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्या आहेत. वेळ न येवो, पण असू दे. आपल्या आईने हेच शिकवलं ना? बटाट्याचं पोतं आणि पीठ तिच्या पायाशी बसतं. समुद्रावरचे दुकानदार लुटारू असतात, हे तुलाही माहीत आहे.

तिने कपाट उघडून पाहिलं, बंद केलं, काही बोलली नाही. म्हणजे आवडलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
वितोमीर

क्राल्येवो, १५ जून

चि. वितोमीर,
आशीर्वाद आज जपूनच देते आहे.

तुझी बायको काल बसने माझ्याकडे आली. पांढऱ्या ब्लाउजवर आयवारचा डाग आहे, दोनदा धुऊनही गेला नाही. गाडी चालवून बघायला म्हणून डोंगरात निघालात आणि झ्लातिबोरच्या वळणावर तिच्या नावाचं कपाट आपोआप उघडलं आणि बरणी तिच्या मांडीवर फुटली. आणि तू काय विचारलंस, तर बाकीच्या शाबूत आहेत ना. वितोमीर, तुला लाज कशी वाटत नाही?

जुलैत, समुद्रावर, बर्फाच्या साखळ्या! मी चुलीपाशी उभ्या उभ्या हसले आणि मग हसू येईना. आईचं नाव पुढे करू नकोस. आई बरण्या फडताळात ठेवायची, माणसं घरात. तू बरण्यांना घर बांधलंस आणि बायकोला पिठाच्या पोत्यावर पाय ठेवून बसवलंस.

ती आत चेरीच्या बिया काढत बसली आहे. तू फोन केलास तर घेणार नाही म्हणते. मीही घे म्हणणार नाही.

लोभ कपाटात बंद आहे. किल्ली सध्या माझ्याकडे.
स्तामेना

पांचेवो, २६ जून

ती. अक्कास नमस्कार.

कपाटाला नवी, पक्की कडी बसवली. आता कितीही वळणं येऊ देत. एका कडीवरून एवढा तमाशा करायचा म्हणजे कमाल आहे. साखळ्या काढून छपरावर टाकायला तयार आहे, पण मग छपरावरची शिडी कपाटात ठेवावी लागेल, हे तिला समजावून सांग. पाच तारखेला मी निघणार, ती असो वा नसो. आणि कॉफीचं भांडं सापडत नाही, तिने कुठे ठेवलंय ते विचारून कळव.

लोभाची किल्ली लवकर परत करावी.
वितोमीर

सुतोमोरे, ९ जुलै

प्रिय वितोमीर,

अक्का आणि मी बसने इथे समुद्रावर आलो. क्राल्येवोला काल आलेलं तुझं पत्र अक्काच्या मुलीने फोनवर वाचून दाखवलं. तू अजून अंगणातच गाडीत बसून आहेस आणि आता बरण्या काढतोस, मी परत येते का विचारतोस, एवढं कळलं. भांडं कुठे आहे मला माहीत नाही. सगळे खण तुझे, तूच शोध.

खरं सांगायचं तर तुझ्या कडीचा मला राग नाही. माझं नाव कोरलेल्या दारामागे तू साखळ्या रचल्यास आणि त्यात काही चुकलंय असं तुझ्या मनातही आलं नाही, त्याचा आहे. इतकी वर्षं घरातही तेच होतं, मी बोलत नव्हते. मी गप्प बसले की तू त्याला पसंती समजायचास.

इथे खोली लहान आहे. पीठ नाक्यावर मिळतं, बटाटेही, आणि दुकानदार कुणाला लुटत नाही. यायचं असेल तर बसने ये. मागच्या गल्लीत एक म्हातारी भाड्याने खोली देते, तिथे उतर.

माझ्या खोलीत एक कपाट आहे. अर्ध्यात माझे दोन झगे आहेत आणि अर्धं रिकामं. ते तुझ्यासाठी ठेवलेलं नाही. ते रिकामंच ठेवलं आहे.

लोभाचं तू आलास की बघू.
रुझित्सा