कडुनिंबालाही न बधलेली रेवा

धुळे,
रविवार, संध्याकाळ

माझ्याहून वीस दिवसांनी मोठी (आणि ते आयुष्यभर ऐकवणारी) दूधबहीण अलफिया हिला सुलक्षणाचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही.

तुझी तब्येत कशी आहे? रमीज रात्री झोपू देतो का? अतिकभाईंच्या पाठीचं काय झालं? वेल्डिंगचं दुकान म्हटलं की वाकणं आलंच, पण त्यांना म्हणावं, मागच्या वेळी दिलेलं तेल कपाटात ठेवायला नव्हतं दिलं. आमच्याकडे सासूबाई खणखणीत आहेत, नानांचा नवा चष्मा आला, ज्ञानेश्वर नरडाण्याला कंपनीत वेळेवर जातात, रेवा सहा महिन्यांची झाली आणि मला कॅन्सर झाला आहे. छातीत, डाव्या बाजूला. हे वाक्य पत्रात सगळीकडे घालून पाहिलं, कुठेच बसेना, म्हणून खुशालीतच ढकललं. फोन का केला नाही म्हणशील, तर तू 'हॅलो'च्या आधी रडतेस. मग मीही रडते आणि सांगायचं ते राहून जातं.

गाठ हाताला लागली तेव्हा रेवा तीन महिन्यांची होती. आमच्या घरात पाजणाऱ्या बाईला गाठ आली म्हणजे ती दुधाचीच, तिला दुसरं काही व्हायची परवानगीच नाही. सासूबाईंनी (बेबाबाई म्हणजे गल्लीतल्या निम्म्या बाळंतपणांच्या मालकीण, तुला माहीत आहे) आधी गरम फडक्याने शेकलं. मग लाकडी फणी आणून छातीवरून फिरवली, म्हणे दूध मोकळं होतं. मग कुणीतरी कोबीचं पान ठेवायला सांगितलं. अगं, पान एक लागतं, पण कोबी अख्खा आणावा लागतो! उरलेल्याची भाजी. ज्ञानेश्वरांच्या डब्यात रोज कोबी पाहून कंपनीतल्या लोकांनी त्यांना कोबीशेठ म्हणायला सुरुवात केली. एकदा मी नानांना चहा द्यायला वाकले आणि पान सरकून थेट बशीत पडलं. नानांनी ते मुकाट्याने बाजूला ठेवलं, चहा संपवला आणि पुढे आठवडाभर माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. शेजारच्या भिकुबाईने मिरच्या ओवाळून दृष्ट काढली, ठसका सगळ्यांना लागला, गाठ मात्र जागची हलली नाही. दुखतही नव्हती. दुखत नाही म्हणून आम्ही खूश होतो. एवढी शिकलेली मी, पण मीही खूशच होते.

शेवटी एक दिवस मीच हट्ट करून दवाखान्यात गेले. सोनोग्राफी झाली, मग सुईने तुकडा काढला. रिपोर्ट ऐकल्यावर ज्ञानेश्वर डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "अहो, पण ती तर पाजते!" (जणू भरलेल्या बिलाची पावतीच दाखवत होते.) बाई म्हणाल्या, पाजल्याने धोका कमी होतो, संपत नाही. आणि वर म्हणाल्या की वेळेत आलात असं समजा, उपचार आहेत, पण आता एक दिवसही घालवू नका. बाहेर आल्यावर ज्ञानेश्वर बराच वेळ एका मोटरसायकलला किल्ली लावत बसले. ती आमची नव्हती. मालक आला, भांडायला तोंड उघडलं, यांचा चेहरा पाहिला आणि स्वतःच हिंडून आमची गाडी शोधून दिली.

मंगळवारपासून जळगावला औषध सुरू होणार. आधी सलाईनमधून औषधं, मग ऑपरेशन. ते औषध दुधात उतरतं, म्हणून रेवाला पाजणं बंद. आणि खरी रामकहाणी इथेच आहे, कारण बाकी सगळ्यांना पटलं, रेवाला पटेना. बाटली आणली, तिने जिभेने ढकलून दिली. डब्यातलं दूध आणलं, ओकली. सासूबाईंनी ज्ञानेश्वरांच्या लहानपणीचं चांदीचं बोंडलं चिंचेने घासून चकचकीत केलं, त्यातून पहिला घोट दिला, तो तिने नानांच्या नव्या चष्म्यावर फुर्रकन उडवला. भाताची पेज, डाळीचं पाणी, नागलीची खीर, सगळ्यांचं तेच झालं. सारं घर तिच्याभोवती खुळखुळे वाजवत नाचतं आणि ती ओठ घट्ट मिटून आमच्याकडे बघते. शेवटी सासूबाईंनी जुना उपाय काढला. कडुनिंबाचा पाला वाटून मला लावायला दिला. कडू लागलं की पोर आपोआप सोडते, अख्खा खान्देश असाच दुधावरून तुटला आहे. रेवाने तोंड लावलं, डोळे मिटले, अंगावर शहारा आला, मला वाटलं झालं. आणि मग बाईसाहेबांनी सगळा लेप चाटून साफ केला आणि प्यायला लागल्या. सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "कडूलिंब बठ्ठा चाटी गयी वं माय! आते काय करानं?" मी पोट धरून हसले. हसता हसता लक्षात आलं की मला आनंद झाला आहे. जगातल्या सगळ्या कडूपणातून पोर मला शोधत आली होती, आणि मला तिला ढकलायचं होतं. त्या दिवशी मी ढकललं नाही, पिऊ दिलं. सासूबाई आत जाऊन उगाचच भांडी आपटत बसल्या. कालपासून मात्र मी भिकुबाईच्या घरात बसते आणि भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकते. पाणी तेवढं घेते ती. आज वजन केलं, उतरलं आहे.

अशा वेळी मला तुझी अम्मी, माझी अकबरी खाला, फार आठवते. माझी आई टायफॉइडने अंथरुणाला खिळली होती, मी तर सव्वा महिन्याचीही झाले नव्हते, आणि खालाने भिंतीवरून हात करून मला मागून घेतलं. एकीकडे तू, एकीकडे मी. (तू जन्मभर म्हणत आलीस की तुझ्या वाटचं पिऊन मी उंच झाले. पुरावा काही नाही, पण उंच आहे खरी.) खाला म्हणायची, जिने पाजलं तीही आईच, आणि तिचा हक्क आईइतकाच. ईदला माझ्यासाठी वेगळी वाटी भरून ठेवायची आणि माझ्या लग्नात माझ्या आईपेक्षा जोरात रडली. खालाला जाऊन आता दोन वर्षं झाली. तिच्यामागे ती सवय घरात कुणात तरी राहिली असेल, असं मी धरून चालते.

असो. पत्र लांबलं. घरातल्या थोरांना नमस्कार, रमीजला पापा.

तुझीच,
सुलक्षणा

ता. क. : मागच्या वेळचा तुझा डबा परत पाठवते. रिकामा कसा पाठवायचा, म्हणून भाकरीसाठी कळण्याचं पीठ घातलं आहे.

ता. क. दुसरा : तूही पाजतेस. हाताला गाठ लागली आणि थोड्या दिवसांत विरली नाही, तर दुखो न दुखो, दवाखान्यात जा. कोबी भाजीपुरताच आण.

ता. क. तिसरा : पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं. रेवाला तू पाज. डॉक्टरीणबाईंना विचारलं आहे, तुझे बाळंतपणातले रिपोर्ट चांगले आहेत, चालेल म्हणाल्या. रमीजच्या वाटचं जाईल हे मला कळतं, पण तुमच्या घरात आमचं हे वंशपरंपरेने चालतच आलंय. आणि तुमच्यात म्हणतात ना, पाजलं की आई होते, मग रमीज तिचा सख्ख्यासारखा भाऊ. मला तेच हवं आहे, अलफिया. मी बरी झाले तर आपण दोघी आई म्हणून भांडू. नाही झाले, तर तिला आई नाही असं कुणी म्हणू नये. मला फार भीती वाटते गं.

ता. क. चौथा : सासूबाईंना सांगायला मी घाबरत होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून रेवाची टोपी, दुपटी आणि वेखंडाची पूड पिशवीत भरली आणि एवढंच म्हणाल्या, "तिले सांग, भरीत खाऊ नको. पोरले बाधस."

ता. क. शेवटचा, सोमवार : हे नशिराबादला, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, रिक्षात बसून लिहिते आहे. आधी विचारायला हवं होतं, पण तू हो म्हणणारच होतीस, मग विचारण्यात पोरीचा आणखी एक दिवस कशाला घालवू? मी आत येत नाही. माझा वास आला तर ती तुझ्याकडे वळणार नाही. ज्ञानेश्वर तिला घेऊन दारात उभे असतील, ती रडत असेल, आणि तू मेली पत्र वाचत बसली असशील! ठेव ते पत्र. तिला घे. ती प्यायला लागली की ज्ञानेश्वरांना बाहेर पाठव, त्यांनी लांबून नुसती मान हलवली तरी मला कळेल. मग मी जळगावला जाते.