वाढदिवसाला आलेली माणसं

कातळवाडी, लोणावळ्याच्या वर
२ मे २०२५

चि. सौ. निर्मला हिस, बुधाआबाचे अनेक आशीर्वाद.

आमी दोघं खुशाल. वाडीवर रेंज न्हाई, आन् तुझा फोन घरातलं कुनीबी उचलतं, म्हनून तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर लिहितो. चौथी शिकल्याला मानूस हाय, चुका पोटात घाल.

येत्या अठराला सृष्टी पाच वर्साची व्हतीय. आमचा कैलास गेला तवा दीड वर्साची व्हती. तू दुसरं घर केलंस त्याचं आमाला वाईट वाटलं न्हाई. पोराच्या मागं तू एकटीनं किती दिस काढायचे? पन दोन वर्सं झाली, नातीचं तोंड दिसलं न्हाई. सावित्राच्या डोळ्यांत काचबिंदू हाय. डाक्टर म्हनला, आता दिसतंय तेवढंबी टिकायचं न्हाई. ती म्हनते, एकदा पोरगी बगू द्या, मग अंधार झाला तरी चालंल.

एक दिस धाडशील का? मी सोता येऊन नेईन. शेजारची अंबूबाई केक करनार म्हनते. मी म्हनलो, तुझ्या केकापरीस तुझा खरवस बरा, तर दोन दिस बोलली न्हाई.

आमच्यावरची माया आटू देऊ नको.
तुझा आबा,
बुधा

इंदुरी
९ मे २०२५

ती. आबा आणि ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

पत्र अंगणवाडीतच उघडलं. मुलं विचारायला लागली, बाई का रडता म्हणून.

आबा, सृष्टीला धाडता येणार नाही. विकासची ना नाही, पण घरात सासूबाईंचा शब्द चालतो. या नव्या सोसायटीत सगळ्यांना सृष्टी विकासचीच मुलगी म्हणून माहीत आहे. शाळेतही त्याचंच नाव लागलंय. तिला स्वतःलाही तेच ठाऊक आहे. कैलास तिला आठवत नाही.

वाढदिवस इथेच आहे, अठराला संध्याकाळी पाचला. तुम्ही दोघं या. सासूबाई हो म्हणाल्यात, पण एक अट आहे, ती लिहिताना मला लाज वाटते. कुणी विचारलं तर आजी-आजोबा म्हणू नका. माझ्या माहेरच्या गावचे आहोत म्हणा.

विकास वाईट नाही. सृष्टीला ताप आला तर रजा टाकून बसतो. म्हणूनच या घराला तडा जायची भीती वाटते. आईंचे थेंब वेळेवर घाला.

मला तुमच्या आशीर्वादाला पारखी करू नका.
तुमची,
निर्मला

कातळवाडी
२१ मे २०२५

चि. सौ. निर्मलास आशीर्वाद.

त्या दिशी न सांगता निघालो. तू आत पुऱ्या तळत व्हतीस, म्हनून झालं ते लिहितो. राग न्हाई.

सावित्रानं सकाळी चाचपडत करवंदं तोडली व्हती, टोपलीभर. बोटं काट्यांनी फुटली. लिफ्टीला भ्याली, तीन जिने चढून आली. दारातच सृष्टी समूर आली. निर्मला, पोरगी कैलासवानी मान तिरपी करून बगते. सावित्रानं तिच्या तोंडावरनं हात फिरवला, तशी ती मागं सरली, आन् तुमी कोन म्हनून इचारलं.

सावित्राला तुझी अट ठावी व्हती. पन ऐन येळंला तुझ्या माहेरच्या गावचं नाव तोंडी येईना. घाबरून म्हनली, आमी करवंदंवाले.

तुमच्या शेजारच्या अनघाबाईंना ते खरंच वाटलं. भली बाई हाय. टोपली आत नेली आन् कागदी प्लेटींत केक, वेफर घेऊन आली. म्हनली, आत गर्दी हाय, जिन्यात बसून खा. आमी बसलो. आत गानं झालं, टाळ्या वाजल्या. सावित्रानंबी जिन्यात बसून टाळ्या वाजवल्या. मग प्लेटी तितंच ठिवून उतरलो.

गाडीत तिनं एवढंच इचारलं, की पोरीचा झगा कंच्या रंगाचा व्हता. तवा मला कळलं, एवढ्या जवळनंबी तिला कायच दिसलं न्हाई.

तू सुखानं ऱ्हा. नातीला जप.
बुधा

इंदुरी
३० मे २०२५

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

झगा पिवळा होता. आईंना सांगा.

आबा, पुऱ्या तळून झाल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आई काय म्हणाल्या ते ऐकलं. अनघाताई प्लेटा घेऊन जिन्याकडे गेल्या ते पाहिलं. चार पावलांचं अंतर होतं. सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी मेणबत्त्या शोधायच्या निमित्ताने आत वळले. मेणबत्त्या माझ्या हातातच होत्या.

दुसऱ्या दिवशी सृष्टीने विचारलं, करवंदंवाल्या आजी परत कधी येतील. कुठल्याही म्हाताऱ्या बाईला ती आजीच म्हणते. मी म्हणाले, त्या लांब राहतात.

तुम्ही पुन्हा आलात तरी मी बाहेर येणार नाही. माझं मला कळून चुकलंय. म्हणून बोलावत नाही.

लोभ असू द्या, असं लिहायला आज हात धजत नाही.
निर्मला