डाव्या हातावर प्रसाद

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं खाकरणं अजून आमच्या देवासच्या घरात आहे. मागच्या आठवड्यात ते चक्क माझ्या तोंडून निघालं. टेकडीवरच्या देवळातून प्रसाद आणला होता. नातीनं डावा हात पुढे केला आणि मी आधी खाकरले, मग म्हणाले, "उजवा." अगदी तुमचाच आवाज. माझा मुलगासुद्धा पेपरातून मान वर करून बघायला लागला. नात म्हणाली, "आजी, मेरा यही हाथ चलता है ना," पण हात मागे घेतला. तेव्हापासून ती उजव्या हातानं जेवते, अर्धं सांडते आणि दर घासानंतर माझ्या तोंडाकडे बघते. सून खूश आहे. "आई, तुमचं बरं ऐकते," म्हणते. मला मात्र तिचं ते बघणं सोसवत नाही.

कारण ते मी ओळखते. धारच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात तुमच्यासमोर पाटावर बसून मी असंच बघायची. डावा हात ताटाकडे गेला की तुम्ही खाकरायचात. तेवढ्यानं भागलं नाही तर तुमच्या रुमालानं तो माझ्या फ्रॉकच्या पट्ट्याला बांधायचात. रागानं नाही, मायेनंच. गाठ सैल असायची. मी ती केव्हाही सोडवू शकले असते आणि एकदाही सोडवली नाही, याचं आता मला फार कुतूहल वाटतं. आई म्हणायची, "जेवू द्या हो तिला सुखानं." तुम्ही म्हणायचात, "वळण लागलं पाहिजे. उद्या सासरचे नावं ठेवतील." लागलं एकदाचं वळण. मग ऑफिसच्या कामानं बाग गावी गेलात, तिथून माझ्यासाठी लाल-काळ्या ठशांची ओढणी आणलीत, माझ्या अंगापेक्षा मोठी. ती घेऊन मी घरभर मिरवले. आज विचार करते, मी कशानं एवढी खूश होते? माझं काही चांगलं झालं म्हणून, की तुम्ही खूश होतात म्हणून? या दोन गोष्टी वेगळ्या असतात हेच ठाऊक नव्हतं. पुढेही कितीतरी वर्षं, कोणाला न विचारता काही केलं की माझं मन खायचं, आणि मन म्हणजे कोण, तर तुम्हीच.

मग तुम्हाला लकवा झाला, उजवी बाजू गेली. डावा हात चांगला होता, पण त्यानं जेवायला तुम्ही तयार नव्हतात. ताट तसंच परत जायचं. मी चिडले, रडले. तुम्हाला खाकरून दाखवणारं तिथे कोण होतं हो? तुमचे वडील तर केव्हाच गेले होते. शेवटी मी भरवायला बसले. माझ्या उजव्या हातातला चमचा कलला, खिचडी तुमच्या सदऱ्यावर सांडली. चमचा डाव्या हातात कधी गेला ते मला कळलंच नाही. माझा तो हात डगमगला नाही. तुम्ही त्या हाताकडे बराच वेळ पाहिलंत आणि तोंड उघडलंत. तेव्हा माझं मन खात नव्हतं. आतून तुमचा आवाज आला नाही, कोणाचाच आला नाही. तुमच्या पोटात चार घास जावेत, एवढंच वाटत होतं. मग चमचा कोणी उचलायला लावला? तेही मनच असणार, पण ते खाकरत नाही आणि शाबासकीची वाटही बघत नाही. ते माझ्यात कुठून आलं? तुम्ही तोंड उघडलंत ते मला परवानगी म्हणून, की नुसती भूक लागली होती म्हणून, हे विचारायचं राहून गेलं.

काल पुन्हा प्रसाद आला. नातीनं माझ्याकडे बघत बघत उजवा हात पुढे केला. मी तिचा डावा हात धरून पुढे घेतला आणि त्यावर साखरफुटाणे ठेवले. सून म्हणाली, "अहो आई, देवाचं आहे ते." मी म्हटलं, "असू दे गं. तिला त्या हातानं जमतं." पोरीनं एकही दाणा न सांडता सगळे खाल्ले आणि माझ्याकडे न बघता खेळायला पळाली. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

हे पत्र कुठे पाठवणार, कपाटात त्या ओढणीखाली ठेवीन. एक तेवढं सांगायचं राहिलं. काल तिला प्रसाद देताना मी तुमच्या फोटोकडे पाठ करून उभी होते.