धनुष्याला लागलेला हात

मी, किन्ले पेम, कै. फुब नामगे यांची पत्नी, राहणार बेमगाङ, पारो खोरे. गुडघे गेले आहेत, डोके जाग्यावर आहे. माझा हात धरून कोणी हे लिहवून घेतलेले नाही; उलट गावच्या तिरंदाजांचा म्होरक्या दोफू याला मीच धरून बसवले आहे. मी सांगते आहे, तो लिहितो आहे. माझ्या मागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. घर, गोठा आणि जनावरे मुलगी देकी हिची. आमच्याकडे घर मुलीकडेच जाते, त्यात नवे काही नाही. जावयाने छपरावरचे दगड नीट बसवावेत. हे मी दरवर्षी सांगते आणि तो दरवर्षी मान डोलावतो.

२. दारू गाळायचे तांब्याचे भांडे शेजारीण रिंझिन ल्हामो हिला. ते तिच्याकडेच आहे. मागून मागून माझी जीभ झिजली, आता तिने ते निदान हक्काने वापरावे.

३. धनुष्य खरवडायचे चाकू, दोरी वळायची फिरकी आणि बाण शेकून सरळ करायचे खाचेचे लाकूड हेही देकीला.

येथे दोफूची लेखणी थांबली. "मावशी, ही काकांची अवजारं. बाईचा हात लागला की धनुष्य बाटतं. असं कसं लिहू?"

"मी बोलते तसं लिही."

यजमानांचे हात थरथरू लागले तेव्हापासून या गावची धनुष्ये मी लावते, म्हणजे बाण सरळ जाईल अशी खरवडून, दोरी ताणून देते. पुरुष ती घोंगडीत गुंडाळून मागच्या दाराने आणत आणि म्हणत, "काकांना द्या." काका वारले तरी घोंगड्या येतच राहिल्या. सगळ्यांना ठाऊक होते, पण अळीमिळी गुपचिळी. सामन्याआधी सोवळे राहायचे म्हणून हे पुरुष बायकोपासून दूर गोठ्यात झोपणार, आणि उशाशी जे धनुष्य ते आदल्या संध्याकाळी माझ्या मांडीवर! मला याचा राग येतो आणि तो मी बरोबर नेणार नाही.

४. देकीस सूचना. धनुष्याचे वरचा-खालचा दोन्ही अर्धे एकाच बांबूचे असले तरी सारखे वाकत नाहीत. बाण शेपूट हलवत गेला तर आधी पिसे बघ, मग दोरीवर बाण टेकायची जागा बघ. चाकू सर्वांत शेवटी. ताठ अर्धा आतल्या अंगाने खरवडायचा, बाहेरच्या सालीला धक्का लावायचा नाही. थोडे खरवडून पुन्हा ओढून पाहायचे, कारण गेलेला बांबू परत चिकटत नाही. दोफूने घरी शहाणपणा करून आपल्या धनुष्याच्या मऊ अर्ध्यालाच चाकू लावला. आता ताठ अर्धा त्याच्या बरोबरीला आणावा लागेल. धनुष्य जरा हलके होईल, पण बाण सरळ जाईल.

५. ज्या शेतात गावचे निशाण, म्हणजे बाण मारायची लाकडी फळी, उभे असते ते शेत माझ्या आईकडून मला आले. तेही देकीचे. तेथे खेळ चालू राहील, परंतु देकी तेथेच, निशाणाजवळ, उजेडात बसून धनुष्ये लावील आणि ज्याचे त्याने ते स्वतः तिच्या हातात द्यावे. हे मान्य नसेल तर निशाण उपटून बटाटे लावावेत.

"मावशी, सामन्यात पलीकडच्या गावचे तिरंदाज नेहमीसारखे निशाणापाशी नाचत ओरडतील. 'बायकांनी लावलेलं धनुष्य आणलंय रे, बाण चूल शोधतोय!' मी तोंड कुठे लपवू?"

"ओरडू दे. बाण बसला की तोंडं आपोआप मिटतात. तुझं धनुष्य माझ्या मांडीवर आहे, दोफू. सामना परवा. तू लिहीपर्यंत चाकू हलायचा नाही."

"ही जबरदस्ती झाली!"

"हो. तेही लिही."

त्याने लिहिले.

ठिकाण: बेमगाङ. भूमी-सर्प वर्ष, बारावा महिना, तिथी पंचवीस.

किन्ले पेम (अंगठा)

साक्षीदार: रिंझिन ल्हामो (अंगठा). भांडे मला उसने नव्हे, भेट दिले होते, असे तिचे म्हणणे आहे.

साक्षीदार व लेखक: दोफू. वरील मजकूर किन्ले मावशींनी सांगितला तसाच लिहिला. त्यानंतर त्यांच्या मांडीवरून धनुष्य उचलून मी स्वतःच्या हाताने देकीच्या हातात दिले. अंगणात, लोकांदेखत. चाकू देकीने चालवला, मावशींनी फक्त पाहिले. शेतात जाऊन बाण सोडला. सरळ गेला.